आम्ही १९७४चे, आम्हाला नोंदवून घ्या

कॉलेजला आमची आठवण दर पाच वर्षांनी येते, नॅकची समिती यायची असते तेव्हा. तुमच्याही कॉलेजचं असंच असणार, म्हणून चहा पुढे सरकवतो आणि प्रकरण पहिल्यापासून सांगतो. घाई नसेल तर दुसरा कपही घ्या. प्रकरण लांबलेलं आहे आणि त्यावर अद्याप कोणतीही कार्यवाही झालेली नाही.

नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद. १९९४ साली स्थापन झाली, मुख्यालय बंगळुरूला. कॉलेजांना श्रेणी देण्यासाठी तिनं सात निकष केले. पाचवा निकष विद्यार्थ्यांचा, आणि त्याच्या अगदी शेवटी, ५.४ या क्रमांकाखाली, आम्ही माजी विद्यार्थी. एकूण गुण एक हजार, त्यांतले आमचे दहा. इमारती आणि साधनसामग्रीच्या निकषाला शंभर ठेवले. भिंतींना शंभर, आणि त्या भिंतींच्या आत शिकून बाहेर पडलेल्या सगळ्या पिढ्यांना मिळून दहा! तरी मी परिषदेवर राग धरत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या नोंदणीकृत संघटनेनं आर्थिक किंवा अन्य स्वरूपाचं साहाय्य करून संस्थेच्या विकासाला हातभार लावावा, अशी तिची अपेक्षा आहे. आर्थिक किंवा अन्य. आमच्या कॉलेजनं यातलं ‘आर्थिक’ तेवढं वाचलं आणि कागद मिटून ठेवला. माझी सगळी तक्रार या न वाचलेल्या भागाबद्दल आहे.

कॉलेज खानदेशातलं, तालुक्याच्या गावचं. नाव सांगत नाही. भांडण घरचं आहे. तिथून मी १९७४ साली भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, सवलत होती म्हणून फी परवडली, आणि फिजिक्सचे सर रविवारी स्वतःच्या किल्लीनं प्रयोगशाळा उघडून द्यायचे म्हणून प्रात्यक्षिकं सुटली. पुढे वीज मंडळात आयुष्य गेलं. त्या नोकरीत मला जे येत होतं त्याचा पाया त्या रविवारी घातला गेला होता. हे ऋण फेडायची माझी तयारी आहे, गेली कित्येक वर्षं आहे. अडचण एवढीच की मी तिथं शिकलो, हे कॉलेजला मान्य करवून घेता येत नाही.

समितीची तारीख लागली की मोबाइलवर निरोप येतो: सर्व माजी विद्यार्थ्यांनी सोबतच्या लिंकवर तातडीनं नोंदणी करावी. लिंक उघडली की पहिला रकाना पी.आर.एन.चा. विद्यापीठ हल्ली प्रत्येक विद्यार्थ्याला हा कायमचा क्रमांक देतं. आम्हाला तो कुणी दिला नव्हता. आमचा होता जनरल रजिस्टर नंबर, तो मला आजही पाठ आहे. तो भरला की लाल अक्षरांत उत्तर येतं, क्रमांक अवैध आहे. ज्या रजिस्टरात कॉलेजच्याच हेडक्लार्कनं टाकानं माझं नाव लिहिलं, त्यातला क्रमांक कॉलेजच अवैध ठरवतं. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

मग उत्तीर्ण झाल्याचं वर्ष. यादी उघडा, खाली खाली सरकवत न्या, ती १९९०ला थांबते. कारण मी शोधून काढलं आहे. १९९०पर्यंत आमचं कॉलेज पुणे विद्यापीठाला संलग्न होतं. त्या वर्षी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं आणि २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव लाभलं. आम्हाला त्याचा मनापासून आनंद आहे; बहिणाबाई आमच्याच मुलखाच्या. पण ज्यानं कुणी हा फॉर्म तयार केला त्यानं अशी समजूत करून घेतली आहे की विद्यापीठ निघण्यापूर्वी त्या वर्गांत कुणी बसतच नव्हतं. माझ्या पदवीवर पुणे विद्यापीठाचा शिक्का आणि फॉर्मात पुण्याचा पर्यायच नाही.

पुढचा रकाना बारावीच्या टक्केवारीचा, तोही सक्तीचा. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्रात १९७५च्या सुमारास आला. आमची एस.एस.सी. अकरावीला व्हायची, मग प्री-डिग्री, मग एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. आम्ही बारावी नापास झालो नाही हो, बारावी तेव्हा नव्हतीच. रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकत नाही, शून्य लिहिलं तर किमान ३५ आवश्यक असल्याचं कळवतो. प्री-डिग्रीचे गुण तिथं लिहिले तर ती खोटी माहिती होईल, आणि फॉर्मच्या तळाशी ‘वरील माहिती खरी आहे’ यावर खूण करायची असते. मी ती खूण करणार नाही. राज्याच्या शिक्षणाचा इतिहास माझ्या सोयीसाठी मी बदलायचा नाही.

सध्याचा व्यवसाय या रकान्यात चार पर्याय: नोकरी, स्वयंरोजगार, उच्च शिक्षण, बेरोजगार. निवृत्त नाही. सत्तरी ओलांडलेल्या पदवीधरानं आपण उच्च शिक्षण घेत आहोत की बेरोजगार आहोत, यांतून निवड करायची आहे. त्याखाली वार्षिक पॅकेज, लाखांत. आणि हे सगळं पार पडलं तर आजीव सदस्यत्वाचं शुल्क. ते यंदा पास झालेल्या एकवीस वर्षांच्या मुलाला जेवढं, तेवढंच मला. आजीव या शब्दाखाली त्याला किती वर्षं मिळणार आणि मला किती, याचा हिशेब संघटनेच्या कार्यकारिणीत कुणीच मांडलेला दिसत नाही.

तरी पुरुषांचं बरं म्हणायचं. आमच्या वर्गातल्या मुलींचं काय झालं ते ऐका. रजिस्टरात त्यांची माहेरची नावं आहेत, आधार कार्डावर सासरची. फॉर्म म्हणतो, नाव आधारप्रमाणे भरा. मग त्या नावाची विद्यार्थिनी रजिस्टरात सापडत नाही. आमची एक वर्गमैत्रीण केमिस्ट्रीत कॉलेजात पहिली आली होती, नंतर नाशिकला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली. तिला कार्यालयातून सांगण्यात आलं की विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र जोडावं. तिचं लग्न झालं तेव्हा दाखला काढायची पद्धतच नव्हती. मांडवात शेकडो माणसं होती, त्यांनी पाहिलं होतं. त्या काळात तालुक्याच्या गावी मुलीला बी.एस्सी.ला घालायचं म्हणजे घरात दोन-दोन महिने वाद चालायचे. तो वाद जिंकून आलेली बाई कॉलेजच्या दृष्टीनं आज अस्तित्वात नाही. यादीतल्या मुली अशा एकेक करून गळत गेल्या, आणि मग अहवालात लिहिलं जातं की जुन्या विद्यार्थिनींचा प्रतिसाद अल्प आहे.

आणि जे खरोखरच गेले, त्यांना मात्र दर वर्षी निमंत्रण जातं. माझ्या बाकावर बसणारा मित्र जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या बायकोनं कळवलं, मुलानं कळवलं, मीही लेखी कळवलं. त्याच्या नावचं पाकीट दर वर्षी त्याच पत्त्यावर येतं, ‘आपण सहकुटुंब उपस्थित राहावे’. मला रागापेक्षा वाईट वाटतं ते याचं की कॉलेजकडे त्याचा पत्ता बिनचूक आहे आणि एवढी एक गोष्ट लिहून घ्यायला कुणी नाही.

आता स्नेहसंमेलनाकडे येतो. ते भरतं मे महिन्यात. मे महिन्यात, खानदेशात, दुपारी बाराला! तापमान पंचेचाळीसच्या आसपास असतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मांडव पत्र्याचा, पंखे व्यासपीठावर, आणि समोर ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत अशी माणसं. मे महिनाच का, असं विचारलं तर उत्तर मिळतं की तेव्हा मुलांना सुट्टी असते, मैदान मोकळं असतं. म्हणजे माजी विद्यार्थ्यांना आजी विद्यार्थी दिसू नयेत अशीच तारीख मुद्दाम काढल्यासारखी. वर्ग बंद, प्रयोगशाळेला कुलूप. ज्या बाकांवर बसून शिकलो ते बघायला म्हणून माणूस पुण्याहून, सुरतेहून रात्रीच्या गाडीनं येतो आणि कुलूप बघून परत जातो.

कार्यक्रमाचा क्रमही तुमच्या ओळखीचा असेल. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. पाहुणे म्हणजे कुणी तरी पदाधिकारी, जे आमच्या कॉलेजात शिकलेले नाहीत. त्यांना शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. त्यांचं भाषण तासभर. मग संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची भाषणं. माजी विद्यार्थ्यांची मनोगतं पत्रिकेत छापलेली असतात, पण वेळेअभावी ती रद्द होतात. पत्रिकेत आमच्यासाठी ठेवलेला तेवढा भागच वेळेला दर वर्षी कसा काय सापडतो, याची चौकशी झाली पाहिजे. मागे एकदा आमच्या वर्गातला एक शेतकरी मित्र, जो केळीच्या ठिबक सिंचनाबद्दल कोणत्याही प्राध्यापकाइतकं बोलू शकतो, खिशात चार कागद लिहून घेऊन आला होता. ते कागद तसेच घरी गेले.

जेवणाबद्दल बोलू नये असं म्हणतात, पण मी बोलणार. खानदेशातल्या कॉलेजात, खानदेशातल्या माणसांना, पनीरची भाजी आणि मंचुरियन. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी एवढ्यासाठी आमच्यातले निम्मे लोक नागपूरहूनसुद्धा येतील. पण वांगी हिवाळ्यातली आणि संमेलन मेमधलं. डिसेंबरात भरवलं असतं तर ऊनही नसतं, मुलंही असती, प्रयोगशाळाही उघडी असती आणि भरीतही झालं असतं. एका तारखेच्या चुकीनं किती गोष्टी बिघडतात ते पाहा.

जेवणाआधी प्राचार्य आवाहन करतात. त्यात एक आकडा ठरलेला असतो: नंदन नीलेकणींनी २०२३ साली आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले. खरं आहे, दिले. १९७३ साली ते तिथं दाखल झाले होते, त्या नात्याला पन्नास वर्षं झाली म्हणून दिले. हा आकडा आमच्यासमोर उच्चारून मग प्राचार्य आमच्याकडे बघतात. आता मला सांगा, तिथं माजी विद्यार्थ्यांशी संबंध ठेवायला स्वतंत्र अधिष्ठाता आहे, कार्यालय आहे. पदवीला पंचवीस वर्षं झालेल्या, पन्नास वर्षं झालेल्या तुकड्यांना बोलावून घेतात, त्या तुकड्या मिळून निधी उभा करतात, आणि त्या पैशांचं काय करायचं याची चर्चा त्यांच्याशीच होते. आमच्या तुकडीला २०२४ साली पन्नास वर्षं झाली. कॉलेजला ते कळलंच नाही, कारण यादी १९९०ला थांबते.

मोठ्या दानाची उदाहरणं द्यायचीच असतील तर आपल्या मातीतली द्यावीत, ती आमच्या ऐपतीत बसतात. धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या मुरूड गावासाठी मुरूड फंड काढला होता. नोकरीधंद्यासाठी बाहेर गेलेल्या मुरूडकरांनी मिळकतीतला थोडा थोडा भाग गावासाठी द्यायचा, अशी कल्पना. पुढे स्त्रियांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या संस्थेसाठी ते आयुष्यभर दारोदार हिंडले आणि पैशापैशाचा हिशेब ठेवत राहिले. लोकांनी दिलं, कारण मागायला स्वतः अण्णा कर्वे यायचे. आम्हाला पैसे मागतो तो क्यूआर कोड.

आणि देणगीच्या पत्रात आम्हाला कारण काय दिलेलं होतं? आयकर कायद्याच्या ८० जी कलमाखाली सवलत. बस्स, एवढंच. आमच्यातले बहुतेक पेन्शनर. २०२३-२४पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तीत ही वजावट मिळतच नाही. म्हणजे द्यायचं जे एकमेव कारण कॉलेजनं सांगितलं, तेही आम्हाला लागू नाही. त्या रविवारी उघडलेल्या प्रयोगशाळेबद्दल पत्रात एक ओळ असती तर मी कर वाढवून भरला असता. त्यातूनही काहींनी पैसे पाठवले, मीही पाठवले. नियमानुसार संस्थेनं दहा-बीई नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं होतं. ते आलं नाही. त्याचं मला फारसं दुःख नाही. दुःख याचं की त्या पैशांचं काय झालं ते कुणी कळवलं नाही. दोन स्टुलं घेतली, एक पंखा दुरुस्त केला, काहीही चाललं असतं. एका पोस्टकार्डाचा प्रश्न होता.

खरं सांगायचं तर पैसे हा आमच्या नात्याचा सगळ्यात लहान भाग असायला हवा होता. आमच्या वर्गातून किती तरी जण जिल्हा परिषदेच्या आणि खासगी शाळांत शिक्षक झाले, काही सिंचन खात्यात गेले, एक जण साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होता, दोघांनी बँकेच्या ग्रामीण शाखा चालवल्या. आज या सगळ्यांच्या हातात वेळ आहे, आणि सत्तरीतल्या माणसाचा वेळ ही चेकनं देता न येणारी देणगी आहे. कॉलेजात गणिताच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर येणारी मुलं-मुली दोन-तीन कॉलेजं करून थकून येतात. आमचा साखर कारखान्याचा माणूस आठवड्यातून एक दिवस प्रयोगशाळेत फुकट उभा राहायला तयार आहे, तसं त्यानं लिहून दिलं आहे. मी स्वतः मुलांना ट्रान्सफॉर्मर उघडून दाखवायला तयार आहे. परिषदेनं ‘अन्य स्वरूपाचं साहाय्य’ म्हटलं ते याहून वेगळं काय असतं?

पण आत जायचं कसं? फाटकावर सुरक्षारक्षक असतो, कंत्राटाचा, बिचारा उन्हात उभा. तो विचारतो, काका, आयकार्ड? माझ्याकडे १९७३-७४चं ओळखपत्र आहे, फोटोसकट. त्यातल्या फोटोवरून मला ओळखणं अवघड आहे हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे, पण ते ओळखपत्र त्याच कॉलेजचं आहे. मग वहीत नाव, वेळ, कोणाकडे काम. शेवटच्या रकान्यात काय लिहू? ‘कॉलेज बघायला’ असं लिहिलं तर तो म्हणतो, असं चालत नाही, कुणाचं तरी नाव लागतं. माझे सगळे सर गेले. ग्रंथालयात बसू द्या म्हटलं तर बाहेरच्यांना परवानगी नाही. बाहेरचे! ज्या ग्रंथालयाच्या पहिल्या इमारतीसाठी आम्ही विद्यार्थ्यांनी श्रमदानात विटा वाहिल्या, तिथं आम्ही बाहेरचे.

मुख्य इमारतीत शिरल्यावर एक फलक आहे, ‘आमचे यशस्वी माजी विद्यार्थी’. त्यावर आमदार आहेत, सभापती आहेत, मोठे अधिकारी आहेत. असावेत, त्यांनी कष्ट केले. पण आदिवासी पाड्यावरच्या शाळेत आयुष्य काढून शेकडो मुलांना अपूर्णांक शिकवणारा आमचा वर्गमित्र तिथं नाही, नाशिकची ती शिक्षिका नाही. त्या फलकावर जागा शिल्लक आहे. मी खाली उभं राहून पाहिलं आहे.

या सगळ्याचा दोष मी ज्या एका माणसावर टाकणार नाही तो म्हणजे माजी विद्यार्थी संघटनेचा समन्वयक. तो वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आहे. त्याच्याकडे एनएसएस आहे, परीक्षा विभागाचं काम आहे, नॅकच्या पाचव्या निकषाची फाइल आहे आणि त्याच फाइलच्या शेपटाला अतिरिक्त कार्यभार म्हणून आम्ही आहोत. हजारो माणसांचं पन्नास-साठ वर्षांचं नातं सांभाळायला त्याला मिळतात शनिवारचे दोन तास, तेही मीटिंग नसली तर. त्यानं मला एकदा फोनवर सांगितलं, काका, फॉर्म मी केलेला नाही, तो बाहेरून करून घेतलाय, मला तो बदलता येत नाही. त्याच्या आवाजावरून मला पटलं. हाही आपल्यातलाच एक पीडित आहे. त्याचे वीस वर्षांनंतरचे हाल मला आत्ताच दिसतात.

म्हणून आम्ही ठरवलं की कॉलेजनं जे करायचं ते आता आम्ही करून द्यायचं. आमच्या वर्गातल्या निवृत्त बँकवाल्यानं मोठी वही घातली आहे. प्रत्येकाचा जनरल रजिस्टर नंबर, उत्तीर्ण वर्ष, मुलींचं माहेरचं आणि सासरचं नाव शेजारी शेजारी, आजचा पत्ता, फोन. जे गेले त्यांची तारीख आणि घरच्यांचा संपर्क, म्हणजे पाकीट जाणार नाही, गेलंच तर फक्त चौकशीचं पत्र जाईल. शेवटच्या रकान्यात, कोण काय करू शकतो: गणिताचे तास, मुलाखतीची तयारी, माती परीक्षण, दोन मुलींच्या बसपासचा खर्च. १९७४ची नोंद पूर्ण झाली आहे, ७३ आणि ७५ची निम्मी झाली आहे, ६८च्या दोघांनी आपण होऊन फोन केले.

येत्या डिसेंबरात केळीवाल्या मित्राच्या शेतावर आम्ही जमणार आहोत. वांगी, कपाशीच्या काड्या आणि कळण्याचं पीठ यांची वाटणी झाली आहे. भाषण कुणाचंही नाही, पाहुणे नाहीत. शेतकरी मित्र ते चार कागद वाचणार आहे, तेवढा वेळ राखून ठेवला आहे. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला सहकुटुंब बोलावलं आहे आणि त्याच्या येण्याजाण्याची सोय केली आहे. वही त्याच्या हातात द्यायची, असा ठराव आहे. प्राचार्यांना रीतसर पत्र गेलं आहे, प्रत माहितीसाठी संस्थेच्या अध्यक्षांना, की सदर वही कार्यालयात जमा करून घेऊन तिची सहीशिक्क्यानिशी पोच द्यावी. पोच कोणत्या टेबलावर मिळते, तेवढं कार्यालयानं अजून कळवलेलं नाही.